नोव्हेनानंतरचा दहावा दिवस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं पूर्वजांचें स्मरण करावें व देवाचे आभार मानावे, ही रीतच आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांत अशीं कांहीं घरें आहेत कीं, ज्यांच्या आंतल्या खोलीचें दार अशा मंगल दिवशींही उघडत नाहीं. त्या दारामागें कोणाचा पुत्र असतो, कोणाची बहीण असते. आज आम्ही त्यांच्याविषयीं बोलणार आहों.

वैद्यशास्त्र ज्यास स्किझोफ्रेनिया अथवा छिन्नमनस्कता म्हणतें, तो आजार बहुधा ऐन तारुण्यांत जडतो. जवळ कोणी नसतां रोग्यास आवाज ऐकूं येतात. शेजारी आपल्यावर टपले आहेत, अन्नांत विष आहे, अशी त्याची खात्री होते व कितीही समजावलें तरी ती ढळत नाहीं. पुढें तो माणसांस टाळतो. स्नानाभोजनाचीही त्यास शुद्ध राहत नाहीं. हा आळस नव्हे, ढोंगही नव्हे. जगांत सुमारें दर 300 माणसांत एकास हा विकार आहे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. हें आईबापांच्या पापाचें फळ काय, असें कोणी विचारील, तर जन्मांधाविषयीं शिष्यांनीं केलेल्या अशाच प्रश्नास प्रभूनें दिलेलें उत्तर त्यानें आठवावें.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एक माता आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आली. तो रात्रभर भिंतीशीं बोलत असे. आम्हीं त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडलें, नोव्हेना करावयास सांगितलें व त्यांस घरीं धाडलें. डॉक्टरांचें नांव आमच्या तोंडीं आलें नाहीं. वर्ष गेलें. उपचार जितका लांबतो तितका हा रोग मुरतो, हें आम्ही मागाहून शिकलों. भोग मात्र त्या मुलाच्या वांट्यास आले. वास्तविक, भूतबाधेवर सहजासहजीं विश्वास ठेवूं नये, असें 1614 सालच्या रोमन विधिग्रंथांतच धर्मगुरूंस बजावलेलें आहे.

बेल्जियम देशांत गेल नांवाचें गांव आहे. तेथें संत डिम्फना हिचें देऊळ आहे. आख्यायिका अशी कीं, आयर्लंडची ही राजकन्या पत्नीवियोगानें वेड्या झालेल्या पित्यापासून पळून तेथें आली आणि त्याच्याच हातून मारली गेली. मध्ययुगांत लोक मनोरुग्णांस घेऊन तेथें यात्रेस येऊं लागले. देवळास लागून असलेल्या खोलींत नऊ दिवस राहून प्रार्थना करीत. जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें. नऊ दिवसांत जे बरे झाले नाहींत, त्यांतले कित्येक तेथेंच राहिले, कुटुंबाबरोबर जेवूं लागले, शेतांत व गोठ्यांत हात लावूं लागले. एकोणिसाव्या शतकांत सरकारनें देखरेख आपल्याकडे घेतली व डॉक्टरही आले. 1938 सालीं असे 3,700 हून अधिक रुग्ण गांवांत नांदत होते. आज त्यांची संख्या थोडकी आहे, परंतु प्रथा चालू आहे.

बंधुभगिनींनो, आम्हीं त्या मातेस नऊ दिवस सांगितले. गेलच्या लोकांनीं दहावा दिवस सांभाळला. आमची चूक प्रार्थना सांगण्यांत नव्हती, प्रार्थनेनंतर दार लावून घेण्यांत होती.

दहाव्या दिवशीं काय करावें? रोग्यास प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावें व स्वतः सोबत जावें. 1952 पासून ह्या विकारावर औषधें उपलब्ध आहेत; त्यांनीं पुष्कळांचे भास शमतात. बरें वाटलें म्हणून डॉक्टरांस न विचारतां औषध बंद करूं नये. त्याच्या भ्रमाशीं वाद घालूं नये, त्यास होकारही देऊं नये. त्याचें भय मात्र ऐकून घ्यावें. कोणास साखळीनें बांधूं नये. 2017 च्या कायद्यानें तें निषिद्ध आहे. कोठें जावें हें कळत नसेल, तर 14416 ह्या सरकारी दूरध्वनीवर विचारावें. आणि त्या माउलीच्या घरीं जाऊन घटकाभर बसावें. तिला वर्षानुवर्षें कोणी विचारलेलें नसतें.

येत्या रविवारीं मिस्सेच्या वेळीं असा कोणी देवळाच्या दारांत घुटमळत उभा राहिला, तर मागें वळून पाहूं नका, कुजबुजूं नका. बाकावर थोडें सरका व त्यास जागा द्या. आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव त्या दिवशीं पुरा होईल.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.