ब्रोकरेजचं पहिलं ऑफिस: टक्का बघू की तारीख?

मी बीटेक, पाच वर्षं ऐरोलीत कोडिंग केलं आणि आता इस्टेट एजंट होतोय. आईला अजूनही हे खूळच वाटतं. बाजूला ठेवलेत सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे. त्यामुळे कुणाच्या हाताखाली सुरुवात करायची, हा माझ्यासाठी थेट पोटाचा प्रश्न होता.

आधी कागदाचं बोलू. महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकून द्यायचा तर एजंटची नोंदणी लागते. 2023 मध्ये नियम आला, त्यामुळे त्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा. वैयक्तिक नोंदणीची फी 10,000 रुपये, मुदत पाच वर्षं. एक टीम लीडर मला म्हणाला, "कशाला खर्च करतोस? आमच्या नंबरवर कर की काम." नंबर त्यांचा, गिऱ्हाईकही त्यांचं, मग सोडताना माझ्या हातात काय? मी स्वतःच्या नावावरच घेतली.

ऑफर दोन होत्या. एक वाशी स्टेशनजवळची चॅनेल पार्टनर कंपनी. उलवे, तळोजा, पनवेलचे नवे प्रकल्प, काचेचं ऑफिस, मला ब्रोकरेजचे 30 टक्के. दुसरं सेक्टर 9 मधलं दोन टेबलांचं ऑफिस. तिथे रीसेल आणि भाड्याची कामं, मला 50 टक्के.

मी एक्सेल उघडलं. (सवय जात नाही हो.) 80 लाखांचा फ्लॅट, 2 टक्क्यांनी 1,60,000, त्यातले माझे 48,000. छान! पण कधी? नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ब्रोकरेजचं बिल साधारण त्या करारानंतर लागतं. मग बिल्डर कंपनीला देणार आणि कंपनी मला. मी विचारलं, "तुमच्याकडे पैसे आल्यावर माझे किती दिवसांत?" उत्तर आलं, "होऊन जाईल रे." आता "होऊन जाईल" हे एक्सेलच्या कुठल्या खान्यात भरू?

भाड्याचं गणित छोटं असतं. 36,000 भाडं, एका महिन्याचं ब्रोकरेज, माझे 18,000. पण करार नोंदवून किल्ली दिली की पैसे हातात. शिवाय वाशीतली बहुतेक जमीन मुळात सिडकोने भाडेपट्ट्यावर दिलेली. रीसेलला सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, सिडकोची हस्तांतर परवानगी आणि शुल्क, हे सगळं आलंच. नव्या प्रकल्पाच्या साइट व्हिजिट करून हे कुणी शिकत नाही.

मी सेक्टर 9 धरलं. तिथल्या काकांना एकच अट घातली: मी आणलेलं गिऱ्हाईक मी सोडून गेलो तरी माझंच. स्टॅम्प पेपरला ते नाही म्हणाले, पण लेटरहेडवर सही करून दिली. मला तेवढं पुरे.

सोमवारपासून जातोय. पहिली फाइल सेक्टर 10 मधल्या सिडकोच्या जुन्या फ्लॅटची. दोनदा विकला गेलाय, आणि मधल्या खरेदीची सिडकोची परवानगीच सापडत नाहीये.