कॉम्प्युटरच्या पाठीमागचा डबा

आमच्या ग्रामसंघाने हिशेबासाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. कंपनीचा नवा परवडेना, म्हणून तालुक्याच्या दुकानातून सुटे भाग जोडून घेतला. प्रोसेसर कुठला, रॅम किती, यावर आम्ही दोन मीटिंगा घातल्या. एसएमपीएसबद्दल मात्र एकीनेही विचारलं नाही. कॅबिनेटबरोबर आला तोच घेतला.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या पाठीमागचा पंखा असलेला पत्र्याचा डबा. बोर्डातली २३० व्होल्टची वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून आतल्या भागांना देतो. एकीनं सगळ्या घराला वाढावं तसं. ती चुकली की सगळं घर उपाशी.

आमचं तेच झालं. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. आम्हाला वाटलं व्हायरस आहे. मग गिरणीवाल्या वहिनींशी भांडलोही. शेवटी मार्चअखेरच्या हिशेबात जळका वास आला आणि सगळं ठप्प. हार्ड डिस्कही गेली. अकरा गटांच्या कर्जफेडीच्या नोंदी आठ रात्री बसून पुन्हा भरल्या. वह्या ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

दुरुस्ती करणाऱ्या मुलानं आम्हाला लेबल वाचायला शिकवलं. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट होतं. पण १२ व्होल्टच्या खाली अँपिअरचा आकडा होता १४. बारा चोक अठ्ठेचाळीस येतं ना, मग गुणाकार करा: १६८ वॅट. प्रोसेसरला मुख्यतः याच १२ व्होल्टवर भागवावं लागतं.

"हिशेबाच्या कॉम्प्युटरला शंभर-दीडशे वॅट पुरतात म्हणता, मग १६८ का पुरले नाहीत?" असं आमच्यातल्या एकीनं विचारलंच. प्रश्न बरोबर होता. गिरणीची मोटर उचलताना व्होल्टेज क्षणभर पडतं, घरातला दिवाही मिणमिणतो. चांगल्या एसएमपीएसमधले कपॅसिटर तेवढा क्षण सांभाळून नेतात. स्वस्तातल्यात ते लहान असतात, आणि व्होल्टेज वाढलं तर बचाव करणारे भाग बऱ्याचदा वगळलेलेच असतात.

म्हणून या वेळी आम्ही ४५० वॅटचाच, पण १२ व्होल्टवर तीस अँपिअर देणारा आणि '८० प्लस' लिहिलेला घेतला. म्हणजे घेतलेल्या विजेतली निदान ८० टक्के कामी येते, बाकीची उष्णता होते. तीन वर्षांची वॉरंटी आहे आणि बिल ग्रामसंघाच्या नावावर. दुकानदार साडेसातशेचा गळ्यात मारत होता. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो कशाला? मदरबोर्डला २४ पिनची आणि प्रोसेसरला आठ पिनची वायर लागते का, हे मात्र दुकानातच जुळवून घ्या.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजून आधी वायरमनला बोलवा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. आणि एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

गिरणीवाल्या वहिनींकडे आम्ही माफी मागायला गेलो होतो. त्यांनी चहा दिला, आणि त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटरचं लेबल बघायला सांगितलं. त्यावर १२ अँपिअर होते.