ठोके आपले, निर्णय कोणाचा?

(गिर्यारोहण करणाऱ्या मैत्रिणींच्या मेळाव्यातील भाषण)



१९९९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एव्हरेस्टवर एक प्रयोग केला. बेस कॅम्पपासून पहिल्या कॅम्पपर्यंत, खुंबूच्या हिमप्रपातातून जाणाऱ्या तीन गिर्यारोहकांच्या अंगावर यंत्रं होती. हृदयाचे ठोके, शरीराचं तापमान, माणूस नेमका कुठे आहे, ही सगळी माहिती खाली बेस कॅम्पला येई आणि तिथून थेट अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे जाई.

याची गरज का? उंचावर हवा विरळ होते. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश ऑक्सिजन असतो. तेवढ्यावर शरीर चालवायला हृदय बसल्या जागीही जोरात धावतं. पण ठोके थकव्यानं वाढतात, भीतीनंही वाढतात. म्हणून नुसता आकडा पुरत नाही. डोकं दुखतंय का, चालताना तोल जातोय का, बसल्यावरही धाप लागतेय का, हे त्या माणसालाच विचारावं लागतं. त्रास वाढत असेल तर खरा उपाय खाली उतरणं हाच.

आता प्रश्न असा, की ठीक आणि धोक्याचं हे ठरवायला माप कोणाचं? १९८५ साली अमेरिकेत 'ऑपरेशन एव्हरेस्ट २' हा मोठा प्रयोग झाला. बंद खोलीतला हवेचा दाब ४० दिवसांत हळूहळू एव्हरेस्टइतका कमी केला. आत आठ जण होते, आठही पुरुष. तोवर जपानच्या जुन्को ताबेई १९७५ साली आणि आपल्या बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्ट चढून आल्या होत्या. म्हणजे शिखरावर बाई पोचली होती, प्रयोगाच्या खोलीत मात्र तिला जागा नव्हती!

हे आपल्याला नवं नाही. छातीत धडधडतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी बायकांना "मनाला लावून घेऊ नका" एवढंच ऐकावं लागतं. यंत्राचा पुरावा अशा वेळी उपयोगी पडेल, जरूर पडेल. पण तेच यंत्र उलटही फिरवता येतं. पुरुषाचे ठोके वाढले तर तो जिद्दीचा, बाईचे वाढले तर "तुम्ही उतरा". आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालाचे ठोके तर कोणी मोजतच नाही.

आज ठोके मोजणारी घड्याळं मनगटावर आली आहेत. मोहिमेवर निघताना कोणी असं यंत्र दिलं, तर आधी विचारा: हे माप ठरवताना बायका होत्या का? माझे आकडे कोण पाहणार? ते मला समजावून सांगणार का? तुकडीतल्या हमालांनाही हे यंत्र मिळणार का? उत्तरं निघण्यापूर्वीच घ्या. एकदा वर गेल्यावर वाद घालायलाही श्वास पुरत नाही.