लांबचा प्रवास आणि मोटारसायकलीची निवड



मोटारसायकलीवरून दूरचा प्रवास करावयाचा तर कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न आजकाल तरुणांइतकाच प्रौढ माणसेंही विचारूं लागलीं आहेत. माझे कांहीं जुने विद्यार्थी आतां पन्नाशीच्या घरांत आले. मुलें मार्गीं लागलीं, गांठीला चार पैसे जमले, आणि शाळेच्या नकाशावर बोट फिरवून जे प्रांत पाहिले ते आतां प्रत्यक्ष पाहावे, अशी हौस त्यांना झाली आहे. हौस चांगली आहे. परंतु माणूस गाडी पसंत करतो ती दुकानांत उभी असतां. आणि तिची खरी परीक्षा होते ती प्रवासाच्या सहाव्या-सातव्या तासाला. या दोन परीक्षांत जें अंतर आहे, त्याविषयीं आज मी बोलणार आहें.

या मोठ्या गाड्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला क्रूझर. बैठक बुटकी, हँडल उंच व मागें वळलेलें, पाय पुढें सोडलेले, आणि बहुधा दोन सिलिंडरांचें इंजिन. अमेरिकेंतील मिलवॉकी शहराच्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें हें रूप जगभर प्रसिद्ध केलें. दुसरा प्रकार टूरिंग. समोर उंच कांच, तिच्याभोंवतीं वारा अडविणारें कवच, दोन्ही बाजूंस सामानाच्या पेट्या, आणि रुंद बैठक. जपानच्या होंडा कंपनीची गोल्ड विंग आणि जर्मनीच्या बी.एम्.डब्ल्यू. कंपनीच्या 'आर् टी' गाड्या हीं याचीं ठळक उदाहरणें होत. दोहोंच्या सीमेवरही कांहीं गाड्या आहेत. १९६५ सालीं निघालेली हार्लेची इलेक्ट्रा ग्लाइड ही बांध्यानें क्रूझरच्या जातीची आणि सरंजामानें प्रवासी.

प्रथम बैठकीचा विचार करूं. घोडेस्वार रिकिबींत पाय रोवून बसतो. घोडा उसळला कीं तो पायांवर किंचित् उठतो, आणि धक्का पाठीपर्यंत पोंचत नाहीं. टूरिंग गाडीवर पाय बरेचसे अंगाखालीं येतात, म्हणून खड्डा दिसतांच स्वारास असें उठतां येतें. क्रूझरवर पाय पुढें असल्यामुळें उठण्यास आधारच राहत नाहीं. अंगाचें बहुतेक वजन माकडहाडावर पडतें आणि धक्का तेथूनच पाठींत शिरतो. पहिला अर्धा तास ही बैठक आरामखुर्चीसारखी वाटते, यांत शंका नाहीं. पण आरामखुर्चीला खड्ड्यांतून धांवावें लागत नाहीं.

शिवाय बैठक बुटकी केली कीं मागच्या चाकास वरखालीं होण्यास जागा कमी उरते. एकाच कारखान्याच्या दोन गाड्या पाहूं. रॉयल एन्फील्डच्या सुपर मीटिअर ६५० या क्रूझरची बैठक ७४० मिलिमीटर उंचीवर आहे व मागील चाकास १०१ मिलिमीटर वाव आहे. त्याच कंपनीनें डोंगराळ प्रवासासाठीं २०१६ सालीं काढलेल्या हिमालयन गाडीची बैठक ८०० मिलिमीटर उंचीवर होती, आणि वाव होता १८० मिलिमीटर. उंचीचा थोडा त्रास सोसला, त्याचें फळ पाठीला मिळालें.

दुसरा विचार वाऱ्याचा. वर्गांत मुलांना मी विचारीत असें, कीं वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा विरोध किती होतो? मुलें म्हणत, दुप्पट. खरें उत्तर चौपट. ताशीं ५० किलोमीटरला जो वारा सुखद वाटतो, तोच १०० किलोमीटरला चौपट जोरानें छातीवर आदळतो. क्रूझरवर बहुधा छाती उघडी आणि हात उंचावलेले. त्यामुळें अंगाचें शीड होतें आणि स्वार हँडलाला लोंबकळूं लागतो. असे पांच तास गेले कीं मान व खांदे भरून येतात, कानांत घोष घुमत राहतो, आणि बुद्धि मंद होते. ही शेवटची गोष्ट सर्वांत घातक. बी.एम्.डब्ल्यू.नें १९७६ सालच्या 'आर् १०० आर् एस्' गाडीचें कवच इटलींतील पिनिनफारिना येथें वाऱ्याच्या झोतांत तपासून सिद्ध केलें, तें याचसाठीं.

गोल्ड विंगचा इतिहासही हेंच सांगतो. १९७४ सालीं ती प्रदर्शनांत आली, तेव्हां तिला कवचही नव्हतें आणि पेट्याही नव्हत्या. होतें तें चार सिलिंडरांचें आडवें इंजिन, साखळीच्या जागीं शाफ्ट, आणि भार खालीं राहावा म्हणून बैठकीखालीं ठेवलेली पेट्रोलची टाकी. अमेरिकेच्या लांब, सरळ रस्त्यांवरील स्वारांनीं क्रेग व्हेटर यांचें विंडजॅमर नांवाचें कवच पदरच्या पैशानें तिला बसवून घेतलें. होंडानें १९८० सालीं कवच व पेट्या लावलेली गाडी स्वतःच काढली. १९८८ मध्यें सिलिंडर सहा झाले. समोरासमोरचे दट्टे एकमेकांचा हिसका फेडतात, म्हणून तें इंजिन फार थोडें थरथरतें. हार्लेचे दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनांत असतात व त्यांचे स्फोट समान अंतरानें होत नाहींत. त्या ठेक्यावर लोक लुब्ध आहेत. पण तोच हातांना मुंग्या आणतो. म्हणून त्या कंपनीनेंही १९८० पासून आपल्या प्रवासी गाड्यांत इंजिन रबरावर बसविण्यास आरंभ केला.

तर मग टूरिंग गाडीच श्रेष्ठ ठरली काय? इतक्यांत निकाल देऊं नये. तिचा मोठा दोष वजन. २०१८ सालच्या गोल्ड विंग टूरचें वजन सुमारें ३८० किलो आहे. अशी गाडी मागें ढकलणें सोपें नव्हे, म्हणून १९८८ पासूनच तिला विजेच्या मोटारीनें मागें सरकण्याची सोय करावी लागली. क्रूझरवर मात्र दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात. गर्दींत व उतारावर थांबतांना हा आधार फार मोलाचा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी. हे ऐरावत ज्या जातीच्या रस्त्यांसाठीं घडले, ते मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग व समृद्धि महामार्ग दुचाकींना बंद आहेत. आपल्या स्वाराच्या वांट्याला जुने घाट, गांवोगांवचे गतिरोधक आणि रस्त्यांत उभ्या म्हशी येतात. तेथें वेग वारंवार तुटतो; कवचाचा लाभ थोडा आणि वजनाचा जाच पदोपदीं. घाटांत क्रूझरलाही तोटा आहे. पायटे खालीं असल्यानें वळणावर फार कललें कीं ते रस्त्याला घासतात. यावरून मला वाटतें, कीं आपल्या मुलुखांत मध्यम वजनाची, ताठ बसतां येईल अशी आणि लहानशी कांच लावलेली गाडीच बहुतेकांना हितकर होईल.

अमेरिकेंत आयर्न बट असोसिएशन नांवाची संस्था आहे. नांवाचा भावार्थ 'लोखंडी बैठकवाले' असा करतां येईल. २४ तासांत १,००० मैल पुरे करणाऱ्यास ती प्रमाणपत्र देते. भागाकार करा, ताशीं सरासरी ६७ किलोमीटर येते. म्हणजे ही कसोटी वेगाची नाहीं, न थकण्याची आहे.

थकलेल्या माणसाला आपण थकलों आहों हें सर्वांत शेवटीं कळतें, आणि तेवढ्यांत समोरून मालमोटार आलेली असते. म्हणून गाडी घेण्यापूर्वीं तिच्यावर निदान दोन तास फिरून पाहावें. इंजिन बंद करून ती एकट्यानें मागें ढकलून पाहावी. आणि प्रवासांत दर दोन तासांनीं उतरून पाय मोकळे करावे. पहिले पांच मैल कोणतीही गाडी गोड वाटते. शेवटच्या पन्नास मैलांत जी आपलें चित्त जाग्यावर ठेवील, ती आपली गाडी. घरचीं माणसें दाराशीं वाट पाहत असतात, आणि तो दरवाजा त्या शेवटच्या मैलांच्या पलीकडे असतो.