दोघींचं नवं

(गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात, पोळ्यानंतरच्या आठवड्यात भरलेल्या एकट्या स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण)

एकट्या स्त्रियांच्या हक्कांवर बोल, असं मला सांगण्यात आलं आहे. हक्कांवर मी येणारच आहे, पण सुरुवात जेवणापासून करते. पोळा होऊन गेला. बांध्यांमधले हलके धान पिकायला आले. आता गावोगाव नव्याची बोलणी सुरू होतील. घरात दोनच माणसं असतील, आणि ती दोन्ही बायकाच असतील, तर त्या घरानं आपलं नवं वेगळं करावं का, आणि करायचं तर बेत कसा आखायचा, एवढाच माझा आजचा विषय आहे. ऐकायला छोटा वाटेल. पण त्यात चूल, रेशन आणि जमीन, तिन्ही येतात.

बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. चंद्रपूर आणि गडचिरोली हा १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. कागदावर दोन झाले, तरी जंगल आणि धानाच्या बांध्या दोन्हीकडे सारख्याच. इथल्या गोंड-माडिया समाजात नवं धान्य घरात आलं म्हणून लगेच चुलीवर चढत नाही. आधी ते पेनाला, म्हणजे देवाला, आणि घरातल्या गेलेल्या माणसांना द्यायचं, मग आपण खायचं. कुणी याला नवं खाणं म्हणतात, कुणी नवाखाई, कुणी नवा पंडुम. पंडुम म्हणजे सण. कुठं ते धानाचं असतं, कुठं कोसरीचं. गावागणिक रीत बदलते, दिवसही बदलतो. मूळ भावना मात्र एक आहे. जमिनीनं दिलं, जंगलानं दिलं, पूर्वजांनी राखलं, त्यांची आठवण केल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही.

असा आभाराचा सण जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी घरोघर असं जेवण होतं. तो सण साऱ्या देशानं एकाच दिवशी पाळावा म्हणून सारा हेल नावाची स्त्री वर्षानुवर्षं लिहीत राहिली. ती एका स्त्रियांच्या मासिकाची संपादक होती. १८६३ साली तिनं राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र पाठवलं आणि त्याच वर्षी त्यांनी तशी घोषणा केली. पण त्याच देशातले मूळ रहिवासी १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथ गावी जमून दुखवटा पाळतात. आमची जमीन गेली, आम्ही आभार कशाचे मानायचे, असं ते विचारतात. म्हणजे आभाराच्या जेवणाला जमिनीचा प्रश्न तिथंही चिकटलेला आहे. आपल्याकडे तो घराच्या आत, चुलीपाशी आहे.

आपल्याकडे आभार कोणाचे मानतात ते बघा. पोळ्याला आपण बैलाला न्हाऊ घालतो, त्याची शिंगं रंगवतो, त्याला पुरणपोळी भरवतो. भरवावीच, तो राबतो. नांगरणी आणि चिखलणी बैलाची अन् पुरुषाची. पण त्यानंतर पऱ्हे उपटणं, रोवणी, निंदण, कापणी ही कामं बहुतेक बायांच्या हातची. रोवणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर धरते, पायांच्या बोटांत चिखल्या होतात. त्या रोवणारणीच्या नावाचा सण कोणता? नव्याच्या दिवशी सारवणारी, कांडणारी, रांधणारी बाईच असते. देवापुढं पान ठेवणारा हात मात्र बहुधा पुरुषाचा. आणि घरात पुरुषच नसला, की नातेवाईक म्हणतात, ‘तुम्ही दोघी वेगळं कशाला करता? तुमचं नवं आमच्यात.’

मी ज्या गावांमध्ये काम करते, त्यांतल्या एका घराची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. सासू साठीच्या पुढची, सून तिशीची, मूलबाळ नाही. मुलगा वारला. त्यानंतर दोन वर्षं त्यांचं नवं चुलत दिराच्या घरी झालं. दीर वाईट माणूस नाही. ‘आमच्यातच खा’ असं तो मायेनंच म्हणाला असेल. पण पहिल्या वर्षी दोघींची धानाची टोपली त्याच्या घरी गेली. दुसऱ्या वर्षी धान थेट त्याच्याच ढोलीत पडलं. रेशनकार्डात दोघींची नावं त्याच्याकडे चढली. आणि तिसऱ्या वर्षी तो सहज म्हणाला, ‘वहिनी, त्या बांध्या आता मीच पाहतो.’ कुणी भांडलं नाही की कुणी मारलं नाही. चूल थंड झाली आणि चुलीमागून जमीन चालली.

त्या वर्षी सुनेनं ठरवलं, नवं आपल्या घरी करायचं. अडचण सासूचीच होती. ती म्हणे, ‘आपन दोघीच तं आहोत. दोघीसाठी कोन एवढा पसारा मांडते?’

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. नवरा असला तर भाजी दोन, मुलं असली तर तिसरी. आणि आपण एकट्या किंवा दोघीच उरलो, की अंबील, शिळा भात आणि चटणी. मी कितीतरी एकट्या बायांच्या घरी गेले आहे. घरात दाणे असतात, तरी चूल एकवेळ पेटते. ‘माझ्यासाठी कशाला रांधायचं’ याचा अर्थ, माझं पोट हे काही पोट नव्हे. पुरुषप्रधान व्यवस्थेनं आपल्याला शिकवलेली ही गोष्ट आपण स्वतःच स्वतःवर लागू करतो. म्हणून दोघींचा बेत नीट, सणासारखा आखायचा. त्या सासू-सुनेनं आखला तसाच तुम्हाला सांगते.

आधी धान. बांधीच्या कडेला पिकलेली हलक्या धानाची लोंबं आधी कापून घ्यायची. किलोभर तांदूळ पुरे. त्याला साधारण दीड किलो धान लागतं. ओलं धान तसंच कांडलं तर कणी होते. म्हणून दोन दिवस उन्हात घालायचं, आणि भादव्याचा पाऊस उघडला नाही तर खापरात मंद आचेवर शेकून घ्यायचं. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. जुन्याच्या मापानं घातलं की गिचका होतो.

मग तोंडी लावणं. या दिवसांत परसात काय असतं ते बघा. बरबटीच्या शेंगा, कोहळं, दोडका, काकडी. जंगलातून वास्ते मिळाले तर मिळाले, नशिबानं सात्या मिळाल्या तर सणच. बोडीतल्या मूठभर मासोळ्यांचा रस्सा होतो. कोंबडं कापायचं की नाही हे घरच्या रीतीनं आणि ऐपतीनं ठरवावं, उसनवारी करून मात्र कापू नये. कर्ज काढून केलेलं आभाराचं जेवण सावकाराच्या आभाराचं होतं. गोडाला उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली मोहफुलं आहेतच. दुकानातून आणायचं ते तेल, मीठ, हळद.

पानं चार लावायची, पळसाची. एक पेनाचं आणि पूर्वजांचं. दोन दोघींची. चौथं पाहुण्याचं. पाहुणी म्हणून शेजारची दुसरी एकटी बाई बोलवावी, आणि गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला निदान हात धुवायला तरी यायला सांगावं. चौथ्या पानाचं महत्त्व पुढे सांगते.

कामाची वाटणीही आधीच करावी. सासूनं बसून धान पाखडलं, शेंगा निवडल्या. सुनेनं कांडलं, पाणी आणलं, सारवलं. दोघीच असल्या तरी सगळं एकीवर पडू नये.

आता खरा प्रश्न. देवापुढं पान ठेवायचं कुणी? दीर दारात येऊन म्हणाला, घरात माणूस नाही, देवाला कोण देईल? तेव्हा इतके दिवस ‘पसारा कशाला’ म्हणणारी सासूच बोलली, ‘रोवले माज्या हातानं, कापले माज्या हातानं. मंग देवापुढं ठेवाला दुसऱ्याचा हात कशाला?’ दीर जेवायला थांबला नाही. गावातला एक म्हातारा आला, तो बसला. त्यानं नावं घेतली, सासूनं पान ठेवलं. देव कोपल्याचं अजून तरी कुणी सांगितलेलं नाही.

आता कायद्याकडे येते. नव्याचं जेवण हा कचेरीत चालणारा पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. पण ही चूल वेगळी आहे, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं. उद्या ग्रामसभेत ‘या दोघी कोणाच्या घरात?’ असा प्रश्न आला, तर त्या आपल्याच घरात, असं सांगणारं एक तोंड तयार झालं. चौथं पान त्यासाठी.

पहिली गोष्ट रेशनची. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख धरली आहे. प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दोघींना १०. अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो, माणसं दोन असोत की आठ. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. विधवेच्या आधारावर चालणारी निराधार घरं आणि माडियांसारख्या आदिम जमातींची घरं अंत्योदयाच्या निकषांत बसतात. दिराच्या कार्डात नावं असली, की हे सारं त्याच्या पिशवीत येतं आणि आपल्याला त्याच्याकडे मागावं लागतं. म्हणून आधी त्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, मग वेगळ्या कार्डाचा अर्ज करा. त्या दोघींचं कार्ड वेगळं झालं आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. २००६ च्या वनहक्क कायद्यात, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मिळतो. तो विकता येत नाही, पण वारसानं चालतो. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा, आणि घर एकट्या व्यक्तीचं असेल तर तिच्या नावानं, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे, की थेट वारस नसेल तर हक्क जवळच्या नातेवाईकाकडे जातो. आता बघा धोका कुठं आहे. बायकोचं नाव पट्ट्यावर असेल तर ती स्वतःच हक्कदार. ते गाळलेलं असेल, तर ‘जवळचा नातेवाईक’ म्हणून चुलत दीर पुढे सरकतो. तेव्हा घरी जाऊन पट्टा पेटीतून काढा आणि त्यावर आपलं नाव आहे का ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर आजच आमच्याकडे आणा. वनहक्क समितीत एक तृतीयांश स्त्रिया असायलाच हव्यात. तिथं बसून बोलाही.

तिसरी गोष्ट लेकींची. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, आणि ‘आमच्या रीतीत लेकीला वाटा नाही’ असं म्हणून बायांना परत पाठवलं जातं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात निकाल दिला. स्त्रीला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ ती स्त्री आहे म्हणून तिच्या वारसांना डावलता येणार नाही, समान वाटा द्यावा लागेल, असं न्यायालयानं म्हटलं. ते घर आपल्या शेजारच्या राज्यातलं आहे. हा निकाल आपल्या गावांत मोठ्यानं वाचला गेला पाहिजे.

काही कार्यकर्ते मला म्हणतात, बाई, तुम्ही आदिवासींच्या रीतीत ढवळाढवळ करता. मला तसं वाटत नाही. ज्यांनी दिलं त्यांची आठवण आधी, हे त्या रीतीचं मर्म आहे. राबणाऱ्या हाताला देवापुढं जागा मिळाली तर रीत मोडत नाही. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. घरच्या लक्ष्मीचं ऋण फेडायचं तर थोडी तरी जमीन तिच्या नावावर करा, असं त्यात पुरुषांना सांगितलं होतं. आभार मानायचेच असतील तर ते सात-बारावर माना, पट्ट्यावर माना.

त्या सासू-सुनेच्या पट्ट्याचं काम अजून झालेलं नाही. दावा मुलाच्या एकट्याच्या नावानं भरलेला होता. सुनेचं नाव लागावं म्हणून अर्ज दिला आहे, ग्रामसभेचा ठराव व्हायचा आहे. दीर बोलत नाही, पण भांडतही नाही. यंदाही त्या दोघींनी नव्याचा बेत आखला आहे. या वेळी पानं पाच लावणार आहेत; पाचवं दिरासाठी. तो येईल की नाही, ते त्याच्यावर.

आज इथून जाताना तीन कामं घेऊन जा. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण लिहिलं आहे ते बघा. पट्ट्यावर आपलं नाव बघा. आणि या भादव्यात, घरात दोघी असा की एकट्या, आपल्या चुलीवर आपलं नवं रांधा. पोटभर खा. पुढच्या मेळाव्यात कुणाच्या पानात काय होतं ते ऐकायला मी येणारच आहे.