आजीचा दीड एकर

(महिला बचत गटांच्या तालुका मेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी राहून गेलेले एक-दोन मुद्दे इथे घातले आहेत.)

आज मी बायकांच्या जमिनीच्या हक्कांविषयी बोलावं असं संयोजक ताईंनी सांगितलं होतं. तो विषय मी सोडणार नाही. पण सव्वा महिन्यापूर्वी माझी आजी गेली, आणि तिच्याविषयी बोलल्याशिवाय मला जमिनीविषयी बोलता येईलसं वाटत नाही. यात माझ्या धाकट्या आत्याची हकिगत येणार आहे. तिची परवानगी घेतली आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे.

आजी नव्वद वर्षांची होती. तिच्या दहाव्याला गावातले पाच-सहा जण बोलले. सोशिक होती, घरासाठी चंदनासारखी झिजली, त्यागाची मूर्ती होती, असं सगळे म्हणाले. ऐकताना मलाही रडू आलं. घरी परतताना मात्र लक्षात आलं की ती कशाने झिजली, हे एकानेही सांगितलं नव्हतं. म्हणून आधी तेच सांगते.

माण तालुक्यातल्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. आजोबा मुंबईला, परळच्या एका गिरणीत. आमच्या भागात घरोघरी हीच रीत. पुरुष मुंबईला आणि बाई गावाला. आजोबा वर्षातून एक-दोनदा यायचे, महिन्याला मनीऑर्डर यायची. बाकी सगळं आजीवर. सासू-सासरे, नणंदा, पुढे चार मुलं, बैलजोडी, म्हैस, शेळ्या. पहाटे जातं, मग पाणी, मग रान. बाजरी आणि मटकी पेरताना चाड्यावर मूठ ती स्वतः धरायची. मुलं झाली तीही कामातून उठून. धाकटी आत्या झाली त्या दिवशी दुपारपर्यंत ती खुरपत होती.

१९७२च्या दुष्काळात जनावरं विकावी लागली. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथे मिळणारी सुकडी ती पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. ती हसत सांगायची, "माजं नाव सरकारी कागदावर पयल्यांदा लागलं ते खडीच्या हजेरीवर." पुढे ही गोष्ट मला फार आठवत राहिली.

दुष्काळ सरला आणि चार वर्षांनी घरात जमीन घेतली, साडेसात एकर कोरडवाहू. आजोबांच्या पगारातली शिल्लक होती. आजीने साठवलेले दुधाचे आणि अंड्यांचे पैसे होते, विकलेल्या शेळ्या होत्या आणि तिच्या माहेरची बोरमाळही होती. खरेदीखतावर नाव मात्र एकट्या आजोबांचं लागलं. यात काही चुकलं असं कोणालाच वाटलं नाही. आजीलाही नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा गावी आले ते कायमचेच. मनीऑर्डर बंद झाली. माझ्या वडिलांचं शिक्षण, दोन्ही आत्यांची लग्नं हे सगळं आजीने त्याच रानावर आणि दुसऱ्याच्या रानातल्या मजुरीवर निभावलं. तरी गावात कोणी विचारलं की घरातला कर्ता कोण, तर उत्तर ठरलेलं, आजोबा!

हे एकट्या आमच्या घरातलं नाही. २०१९ साली केंद्र सरकारने माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरात काही करतात त्यांची ९७ मिनिटं. आणि जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' या रकान्यात जाते. कामच मोजलं नाही, तर त्या कामातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेत तिचा वाटा आहे हे कोणाला आठवणार?

आता दुसरी गोष्ट. आजीचं कौतुक करताना ती घरात कोणी बोलत नाही.

१९९८ साली आजोबा गेले. मृत्युपत्र नव्हतं. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली, म्हणून १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, दोन मुलगे आणि दोन मुली या पाचही जणांचा सारखा हक्क. प्रत्येकी दीड एकर. तलाठ्याने पाचही नावं लावली. त्यानंतर दोन महिन्यांत दोन्ही आत्यांना बोलावून घेतलं, साड्या नेसवल्या आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. त्यांचे तीन एकर दोन्ही भावांच्या नावावर गेले.

थोरल्या आत्याने निमूट सही केली. धाकटी थांबली. तेव्हा तिला सही कर म्हणून सांगणारी माझी आजीच होती. "भावाशी वाकडं घेऊ नगंस, तुजं म्हायेर तुटंल," असं तिने सांगितलं. मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? आणि किती जणींनी आपल्या लेकीला म्हटलंय?

पाच वर्षांनी धाकट्या आत्याच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली. आत्या दोन पोरांना घेऊन माहेरी आली. पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग भाकरीवरून बोलणी सुरू झाली. तिला मागची पडवी दिली. ज्या रानात तिचा दीड एकर होता, त्याच रानात ती भावांकडे रोजाने खुरपायला जाऊ लागली. आजी रोज हे पाहत होती.

२०११ साली मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. क्षेत्रकार्यासाठी दुसऱ्या तालुक्यातल्या बायकांना सातबारा वाचायला शिकवत होते. सुट्टीत घरी आले तेव्हा उताऱ्याचा नमुना घेऊन ओसरीवर बसले होते. आजीने विचारलं, "आपल्या कागदावर माजं नाव हाय का गं?" मला सांगता आलं नाही. परगावच्या बायकांना मी हक्क शिकवत होते, आणि माझ्या घरचा उतारा मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी काढला. आजीचं नाव होतं. दीड एकर तिच्या मालकीचा होता.

"म्हंजी ह्ये माजं? कुनालाबी देता येतं?" मी सांगितलं, हिंदू बाईला वारसाने आलेली जमीन पूर्ण तिच्या मालकीची असते, ती विकू शकते, देऊ शकते, मृत्युपत्रही करू शकते. आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लेकीला म्या म्हायेर राखाय सांगितलं. म्हायेर कसलं, मागची पडवी! सही म्या कराय लावली, आता म्याच भरून देती."

महिनाभराने आम्ही दोघी तालुक्याला गेलो. तिने थोरल्या आत्याला आधी विचारलं होतं; तिने "धाकटीलाच दे" म्हणून सांगितलं. दोन साक्षीदारांसमोर आजीने आपला दीड एकर धाकट्या लेकीच्या नावे मृत्युपत्र केलं आणि नोंदवलं. साक्षरता वर्गात शिकलेली सही तिने केली. तिथल्या माणसाने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला होता, तो तिने बाजूला ठेवला. घरी येऊन दोन्ही मुलांना स्वतः सांगितलं. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवलं नाही.

आता आजी गेली आहे. आत्याने फेरफारासाठी अर्ज दिला. माझ्या वडिलांनी "आईने केलं ते मला मान्य" असं लिहून दिलं. ते लिहायला त्यांनाही तीन आठवडे लागले. चुलत्यांनी हरकत घेतली. शिकलेल्या नातीने म्हातारीला फूस लावली, असं त्यांचं म्हणणं. सुनावणी व्हायची आहे. चुलते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली आहे, त्यामुळे याचं दुःख होत नाही असं मी म्हणणार नाही. पण दहाव्याला 'त्यागमूर्ती' म्हणून हात जोडणारे चुलतेच होते. आजीने जन्मभर दिलं तोवर ती मूर्ती होती. एकदाच लेकीला दिलं, तर तिला फूस लावलेली ठरली.

तेव्हा या मेळाव्यातून घरी जाताना तीन कामं घेऊन जा. पहिलं, आपल्या घरचा सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढा आणि त्यात आपलं नाव आहे का ते बघा. दुसरं, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी थांबा. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहसा मागे घेता येत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत तर २००५च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला आहे. त्यासाठी २००५ साली वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. सही करायचीच असेल तर काय सोडतोय ते समजून करा. साडीच्या बदल्यात नको.

तिसरं काम जास्त अवघड. आपल्यापैकी ज्या सासू आहेत, आया आहेत, त्यांनी लेकीला "माहेर तुटेल" म्हणणं बंद करायचं. आजीला ते उमगायला तेरा वर्षं लागली. पण उमगल्यावर ती गप्प बसली नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी एस.टी.ने कचेरीत गेली आणि आपल्या हातची चूक दुरुस्त करून आली.

माझी आजी कष्टाळू होती, प्रेमळ होती, घरासाठी जगली, हे सगळं खरं आहे. तिची आठवण काढताना त्यात आणखी एक ओळ घाला एवढंच माझं म्हणणं आहे. तिच्या नावावर दीड एकर जमीन होती, आणि ती कोणाला द्यायची हे तिने स्वतः ठरवलं.

सुनावणीच्या दिवशी आत्याबरोबर मी जाणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी या. कचेरीच्या आवारात आपण दहा-बारा जणी नुसत्या बसलो, तरी तिला आधार होईल.