मैदानाचा कारभार तरुणांच्या हाती

खेळ हे साध्य न मानता साधन मानून, त्याच्या आधाराने आरोग्य, शिक्षण, स्वच्छता, स्त्री-पुरुष समता यांसारखी कामे वस्तीत उभी करणाऱ्या संस्थेला अलीकडे सामुदायिक क्रीडाविकास संस्था असे म्हटले जाते. अशा संस्थांविषयी बोलताना किती मुले मैदानावर आली, किती पदके मिळाली, याचा हिशेब तत्परतेने मांडला जातो. परंतु पावतीपुस्तक कोणाजवळ असते, संघ कोण निवडतो, भांडण झाले तर निवाडा कोणाचा चालतो, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तरुण खेळतात आणि वडीलधारे संस्था चालवतात, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तीच स्वाभाविक वाटू लागते. वऱ्हाडाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो, कारण या प्रांतातील सर्वांत नामवंत क्रीडासंस्था उभी राहिली ती तरुणांच्या हातून.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली, अनंत आणि अंबादास या वैद्य बंधूंच्या पुढाकाराने, हनुमान आखाडा म्हणून सुरू झाले. वऱ्हाड तेव्हा नावापुरते निजामाचे आणि कारभाराच्या दृष्टीने इंग्रजांच्या मध्यप्रांताला जोडलेले होते. कापसाच्या पैशामुळे अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठा भरभराटीला आल्या होत्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत होते आणि शाळा-हायस्कुलांतून शिकलेल्या मुलांचा एक नवा वर्ग तयार होत होता. या वर्गातील मुलांना सरकारी नोकरीपलीकडे काही करून दाखवण्याची जागा हवी होती आणि ती आखाड्याने दिली. गावोगावचे जुने आखाडे बहुधा एखाद्या नामांकित पहिलवानाच्या किंवा धनिकाच्या आश्रयाने चालत. अमरावतीच्या या आखाड्याचे वेगळेपण असे की व्यायाम ही सर्वांना शिकवता येण्याजोगी विद्या आहे, आणि शिकलेल्याने ती पुढे दिली पाहिजे, या विचारावर त्याची घडी बसली. संस्थेच्या नावात पुढे आलेला ‘प्रसारक’ हा शब्द केवळ शोभेचा नव्हता.

आखाड्याची अंतर्गत रचना बारकाईने पाहिली म्हणजे तरुणांच्या हाती कारभार कसा येत जातो हे ध्यानात येते. कुस्तीच्या हौदातील तांबडी माती रोज खोऱ्याने उकरून भुसभुशीत करावी लागते, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळून ती मळावी लागते, आणि हे काम नव्याने आलेल्या मुलांकडे असते. थोडा सराव झालेला मुलगा आपल्याहून लहानाकडून जोर-बैठका काढून घेतो. त्याच्याहून पुढचा, मल्लखांबावर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या गुळगुळीत लाकडी खांबावर, उडी घेणाऱ्या मुलाच्या बाजूला उभा राहून त्याला सावरतो. आणि या सर्वांवर वस्तादाची नजर असते. येथे शिकणारा आणि शिकवणारा अशा दोन जाती नसतात, कारण प्रत्येक जण वरच्याकडून घेत असतो आणि खालच्याला देत असतो. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलाच्या मानेला आणि मणक्याला जबाबदार असतो, आणि ही जबाबदारी खरी असते, कारण हात सुटला तर मूल पडते. नेतृत्वाच्या शिबिरांतून फळ्यावर लिहून जे शिकवले जाते ते येथे कोणी उच्चारतही नाही, पण अंगात मुरते.

ही आतली रीत 1924 साली सुरू झालेल्या उन्हाळी प्रशिक्षणवर्गांमुळे आखाड्याच्या बाहेर गेली. शाळांना सुटी लागली की बाहेरगावचे शिक्षक व विद्यार्थी अमरावतीत मुक्काम करून मल्लखांब, लेझीम, दांडपट्टा, फरीगदगा अशा देशी प्रकारांचे पद्धतशीर शिक्षण घेत, आणि परत गेल्यावर आपापल्या गावी ते इतरांना देत. फरीगदगा म्हणजे एका हातात ढालीसारखी फरी आणि दुसऱ्या हातात तलवारीऐवजी चामड्याने मढवलेला सोटा घेऊन खेळायचा युद्धप्रकार. हुतात्मा राजगुरू यांनी ऐन तारुण्यात अमरावतीच्या या आखाड्यात व्यायामाचे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. मंडळाच्या कामात अग्रभागी असलेले डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली अमरावतीजवळ कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. एकीकडे सशस्त्र क्रांतीकडे वळलेला तरुण आणि दुसरीकडे समाजाने टाकलेल्या रुग्णांच्या जखमा धुणारा डॉक्टर, अशा दोन टोकांच्या माणसांचा संबंध एकाच आखाड्याशी यावा, यावरून असे दिसते की बळ कमावण्याला त्या पिढीने केवळ शरीराचा प्रश्न मानले नव्हते.

मंडळाच्या इतिहासातील सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग 1936 सालचा आहे. बर्लिनला ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या असता मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. कबड्डी तेथे स्पर्धेचा खेळ म्हणून नव्हे, तर प्रात्यक्षिक म्हणून सादर झाली. आशियाई क्रीडास्पर्धांत तिला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळण्यास 1990 चे बीजिंग उजाडावे लागले. दुसरे असे की ज्या राजवटीने तो सोहळा भरवला तिने शरीरसौष्ठवाचा गौरव करता करता माणसांना वंशाच्या तराजूत तोलले, त्यामुळे तेथील कौतुकाची आठवण काढताना हेही विसरता येत नाही. मात्र वसाहतीच्या एका जिल्ह्याच्या गावातील मुलांनी परदेशी जाण्याची तयारी करणे, साहित्याची बांधाबांध करणे, बोटीने समुद्र ओलांडणे आणि अनोळखी प्रेक्षकांना हुतुतूचा दम समजावून देणे, हे संघटनकौशल्य त्यांना कोणी बाहेरून दिलेले नव्हते.

पुढे 1967 साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले, आणि आखाड्याचे शिक्षणसंस्थेत रूपांतर होण्याची प्रक्रिया पूर्ण झाली. असे होणे चांगलेही आहे आणि अटळही. विस्तार वाढला की वेतनश्रेणी, विद्यापीठाचे नियम, अनुदानाचे कागद येतात, आणि कागदांबरोबर अनुभवी माणसांची गरज येते. तरुणांनी काढलेली संस्था काही दशकांत प्रौढांची होते, याचा दोष कोणा व्यक्तीकडे जात नाही. खरा प्रश्न असा की त्या संस्थेच्या परिसरात आज जी वीस वर्षांची मुले आहेत त्यांच्या वाट्याला 1914 सारखी मोकळी जागा कोठे येते.

ती जागा अकोल्यात श्रावणात पाहावयास मिळते, आणि ती क्रीडासंस्थेच्या नावाने ओळखली जात नाही. श्रावणातील अखेरच्या सोमवारी पूर्णा नदीचे जल गांधीग्रामहून कावडींनी अकोल्यास आणून राजराजेश्वराला अभिषेक करण्याची प्रथा आहे. 1944 साली पावसाने दडी मारली तेव्हा ती सुरू झाली असे सांगितले जाते. कावड म्हणजे आडव्या बांबूला दोन्ही अंगांनी जलपात्रे बांधून खांद्यावर वाहण्याचे साधन. या पात्रांना तेथे भरणे म्हणतात, आणि मोठ्या मंडळांच्या कावडींना शेकडो भरणी बांधलेली असतात. सुमारे 18 किलोमीटरचे हे अंतर अनवाणी चालताना कोणता गट कोठे खांदा देणार, बांबूंची बांधणी कोण तपासणार, पाणी, फराळ आणि प्रथमोपचार कोठे ठेवणार, पुढचे मंडळ अडले तर मागच्याने किती अंतर राखणार, याचा बंदोबस्त गल्लीतील पोरे आधीचे कित्येक दिवस करत असतात. वर्गणी गोळा करणे, तिचा हिशेब मांडणे आणि रुसलेल्या सभासदाची समजूत काढणे हेही त्यातच आले. डीजेचा कर्कश आवाज आणि मंडळामंडळांतील ईर्ष्या हे या उत्सवाचे दोष लपवण्यासारखे नाहीत; तथापि ज्यांना शाळेत एखाद्या वर्गाचे प्रमुखपणही मिळाले नसेल अशा मुलांच्या हाती येथे एका दिवसापुरता का होईना खरा कारभार असतो. दुःखाची बाब एवढीच की दुसऱ्या दिवशी कावड उतरली की तो कारभारही उतरतो.

गावोगावच्या खुल्या कबड्डी स्पर्धांचीही कहाणी फारशी वेगळी नाही. मैदान आखणे, माती चाळणे, रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे लावणे, बाहेरगावच्या संघांच्या भाकरीची सोय करणे ही सगळी कामे तरुण करतात, पण पहिल्या बक्षिसाची रक्कम देणाऱ्या पुढाऱ्याचे छायाचित्र फलकावर सर्वांत मोठे असते आणि आयोजकांची नावे खाली मुंगीच्या अक्षरांत. पैसा ज्याचा त्याचा मान, हा व्यवहार जुनाच आहे. परंतु त्यामुळे मंडळाचे आयुष्य निवडणुकीच्या वेळापत्रकाला बांधले जाते, आणि मुलांना कारभाराऐवजी हुजरेगिरीचे शिक्षण मिळते.

याला पर्याय काय असू शकतो, हे पाहण्यासाठी केनियाच्या नैरोबी शहरातील मथारे या झोपडपट्टीकडे वळणे उपयोगाचे ठरते. तेथे 1987 साली मथारे युवा क्रीडा संघटना स्थापन झाली. फुटबॉलच्या साखळीत, म्हणजे प्रत्येक संघाने इतरांशी खेळण्याच्या स्पर्धेत, केवळ सामना जिंकल्याचे गुण न देता वस्तीतील कचरा उचलणाऱ्या संघालाही गुण देण्याची पद्धत तिने घातली. स्वच्छतेला दांडी मारणारा संघ मैदानावर कितीही तेज असला तरी तक्त्यात मागे पडतो. गावे झाडून स्वच्छ करणाऱ्या संत गाडगेबाबांच्या अमरावती जिल्ह्यात ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. पण त्याहून महत्त्वाचे असे की विभागवार समित्या मुलांमधूनच निवडल्या जातात, पंच आणि प्रशिक्षक म्हणून किशोरवयीन मुले-मुली काम करतात, आणि अशा कामाचे गुण साठवून त्यांतून शाळेच्या शुल्काची शिष्यवृत्ती मिळते. सेवेला केवळ शाबासकी न देता तिचे मोल शिक्षणाच्या रूपाने चुकते करणारी ही व्यवस्था गरीब घरातील मुलाला नेतृत्व परवडेल असे पाहते. विदर्भातच, नागपुरात, 2001 साली विजय बारसे यांनी सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कार्यातही एकेकाळचे खेळाडू पुढे प्रशिक्षक झाले. बारसे यांच्यावर बेतलेल्या ‘झुंड’ चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, या दुसऱ्या पिढीची दखल मात्र त्या मानाने कमी घेतली गेली.

अमरावती-अकोल्यातील एखाद्या मंडळाला हा मार्ग धरायचा असेल तर त्याला प्रथम कागदांतून जावे लागते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात, आणि महाराष्ट्रात तिची नोंद 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही होते. कार्यकारी मंडळ बदलले की तो बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच चेंज रिपोर्ट म्हणतात, आणि तो मंजूर झाल्यावर नवी नावे शेड्यूल वन या नोंदीत चढतात. व्यवहारात पुष्कळ मंडळांच्या या नोंदीत संस्थापकांचीच नावे वर्षानुवर्षे राहतात, नवा सचिव सगळे काम करतो पण धनादेशावर सही जुन्याची लागते, आणि कधी वाद झाला तर कायद्याच्या दृष्टीने नव्याला काहीच स्थान नसते. तरुणांना पुढे करण्याची भाषणे वडीलधारी मंडळी मनापासून करतात. चेंज रिपोर्ट भरण्यात मात्र त्यांना तेवढी घाई नसते. पदाची मुदत तीन वर्षांची ठेवणे, निम्म्या जागा पंचविशीच्या आतील सभासदांसाठी राखणे, बँकेच्या खात्यावर एक सही सक्तीने तरुण सभासदाची असणे, या तरतुदी संस्थेच्या घटनेत घालण्यास कायद्याची आडकाठी नाही. अठरा वर्षांखालील मुलांना विश्वस्त होता येत नसले तरी सामन्यांचे वेळापत्रक, पंचांची नेमणूक आणि साहित्याची नोंदवही त्यांच्या समितीकडे देता येते.

मुलींचा प्रश्न याहून साधा आणि याहून अवघड आहे. गावातील मैदान संध्याकाळी मुलांनी भरलेले असते, आणि मुलींच्या वाट्याला पहाटेची किंवा उन्हाची वेळ येते, जेव्हा त्यांना शाळा, पाणी आणि घरकाम यांतून सवड नसते. मथारेतही मुलींचे संघ मुलांच्या मागून, 1992 पासून, आले. म्हणजे तरुणांचा कारभार आला की समता आपोआप येते असे नाही. मैदानाचे वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीत दोन-तीन मुली बसल्या तर पाच ते सहाची वेळ कोणाला मिळावी ही चर्चा निदान सुरू होते, आणि वऱ्हाडातील बहुतेक मंडळांत ती अद्याप सुरू व्हायची आहे.